अण्णांच्या शेजारची जागा

ती गाडी आमच्या वाडीत आली ती बैलांच्या मागून. राजोडीला समुद्राजवळ एका पारशी म्हातारीचा बंगला होता. म्हातारी मुलाकडे परदेशी निघाली तेव्हा मागच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी असलेली तिची दोन दारांची जुनी गाडी कुणालाच नको होती. म्हातारी माझ्या वडिलांकडून, म्हणजे अण्णांकडून, केळी नि विड्याची पानं घ्यायची. त्या ओळखीवर जाताना म्हणाली, "नेत असशील तर ने." अण्णांनी पुढच्या दांडीला जाड दोर बांधला, बैल जुंपले आणि राजोडीपासून निर्मळपर्यंत स्वतः आत चाक धरून बसून आले. टायरांच्या नावाला चिंध्या राहिल्या होत्या, पत्रा समुद्राच्या वाऱ्यानं खाल्ला होता आणि गादीच्या पोटात मांजरीनं बाळंतपण केलं होतं. रस्त्यात लोक विचारत, "काय अण्णा, कसली वरात?" अण्णा आतून हात जोडून सांगत, "नवी सून आणतोय." आईनं हे ऐकलं आणि चेष्टेचेष्टेत शेडच्या तोंडाशी तांदळाचं माप ठेवलं. गाडीच्या चाकानं ते ओलांडलं. पुढं त्या गाडीचे लाड मात्र सुनेसारखे झाले नाहीत, लेकीसारखे झाले. त्या घरची लेक मी होते, म्हणून मला ते जास्त दिसले.

आमचं घर निर्मळच्या देवळाच्या मागच्या अंगाला, केळीच्या वाडीत. आता तिथं उभं राहिलं की मान वर करून इमारतींचे मजले मोजावे लागतात. तेव्हा मान वर केली की केळीची पानंच दिसायची. सकाळी जाग यायची ती विहिरीवरच्या पंपाच्या ठकठकीनं. त्यानंतर पाटात पाणी पडल्याचा आवाज, मग आईच्या भाकरीच्या थापा. घरात बारा महिने केळंच केळं. केळफुलाची भाजी, कच्च्या केळ्यांचे काप, पिकल्या केळ्यांचे उंडे, आणि जत्रा जवळ आली की सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, ऊन कललं की उचलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची, मधाच्या रंगावर आली की केळीच्या वाळक्या सोपटात बांधायची. हे काम माझं. माश्या हाकत बसायचं, कावळे हाकत बसायचं आणि पलीकडच्या शेडमधून येणारी हातोड्याची ठणठण ऐकत बसायचं. सुकेळ्यांचा तो गोड, किंचित आंबूस वास अजूनही आला की आधी माझं डोकं दुखतं आणि मग तोंडाला पाणी सुटतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माणसाच्या तोंडावर त्याचं कौतुक करायचं नाही असा दंडक होता. दृष्ट लागते, आणि दृष्ट नाही लागली तर माणूस चढतो. एखादी पाहुणी "सुमन किती गोरी हो" म्हणाली तर आई घाईघाईनं म्हणायची, "कसली गोरी, झोपेत घोरते." अण्णा तर याबाबतीत आईच्याही वरताण. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले सगळ्या आळीला, आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "चप्पल तुटलीय तुझी, शिवून घे." आजच्या मुलांना जेवण संपवलं तरी टाळ्या वाजवतात. माझी नात नुसती उताणी पडली तरी तिची आई तिला शाबास म्हणते. आम्हाला तसली सवय नव्हती, पण भूक मात्र होती.

तर अशा घरात विजू आली. विजू माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून वर्षभरानं लहान. तिचे वडील अचानक गेले. आत्या फुलपाड्याच्या चाळीत राहायची आणि कारखान्यात कामाला जायची, तेव्हा तरण्या पोरीला दिवसभर एकटी कुठं ठेवायची म्हणून तिनं तिला मामाकडे धाडलं. विजूला भाकरी येत नव्हती. तिनं केलेला भात खालून करपलेला आणि वरून कच्चा असायचा. सुकेळी मांडायला बसवली तर अर्धी पोटात. चार दिवसांत आईनं हात टेकले आणि म्हणाली, "हिला शेडमध्ये घेऊन जा, तिथं काय जळायचं नाय." विजू शेडमध्ये गेली, अण्णांनी मागितलेला पाना न विचारता बरोबर हातात दिला, आणि तिथंच राहिली. मला शेडमध्ये जाता यायचं नाही. मला गाडी लागते. एसटीत चढण्याआधीच, नुसत्या पेट्रोलच्या वासानं माझ्या पोटात ढवळायला लागतं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी माझा बाप वेडा झाला होता, तीच गोष्ट मला ओकारी आणत होती, आणि फुलपाड्याहून आलेली ही काटकुळी पोरगी तो वास अत्तरासारखा ओढत होती. माझा जळफळाट झाला नसता तरच नवल.

गाडी नुसती दुरुस्त करायची असती तर ती दोन महिन्यांत झाली असती. पण आमच्या शेजारच्या पास्कोलचा भाऊ बोटीवर होता आणि त्यानं येताना एक परदेशी मासिक आणलं होतं. त्यात एका तशाच दोन दारांच्या गाडीचं चित्र होतं. पुढचे मडगार्ड काढून टाकलेले, इंजिन उघडं, टप खाली दाबलेला, मागची चाकं पुढच्यांपेक्षा दांडगी. जणू बैलानं शिंगं खाली घालून मुसंडी मारायला पाय रोवलेत. खाली लिहिलं होतं, हॉट रॉड. पास्कोल फुलांचा टेम्पो चालवायचा, त्याला इंग्रजी थोडंफार वाचता यायचं. तो म्हणाला, "गरम दांडा. नाव काय ठेवलंय बघा, देवबापा!" अण्णांनी ते चित्र शेडच्या दारावर खळीनं चिकटवलं. तिथून पुढं सव्वादोन वर्षं आमच्या घरात त्या गरम दांड्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कुर्ल्याच्या भंगारातून उलटलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आलं. टपाचे खांब कापून तो वीतभर खाली उतरवला. तेव्हा मागची काच एवढीशी झाली, देवळीएवढी. अण्णा वाडीचं काम उरकून शेडमध्ये शिरत, ते दिवेलागणीला बाहेर येत. विजू इंजिनाला कान लावून सांगायची, "मामा, तिसऱ्या सिलिंडरात मिस आहे." आणि बिघाड तिसऱ्यातच असायचा. हे मला कसं ठाऊक? कारण जेवताना दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

जेवायला बसताना विजू कधीच वेळेवर नसायची. ती विहिरीवर राखेनं आणि रॉकेलनं हात घासत असायची, आणि ते काम लवकर व्हायचं नाही. तेवढ्या वेळात अण्णा वालाच्या बिरड्यात भाकरी बुडवत आईला सांगायचे. "पोरीचा कान आहे की काय आहे! आज क्लचची प्लेट एकटीनं बसवली. मी म्हातारा झालो तरी मला काळजी नाय आता." आई म्हणायची, "होय का?" आणि मी ताटात वाढायची. माझ्या हातचं बिरडं, माझ्या हातची भाकरी, आणि तोंडात नाव विजूचं. कधीकधी मी मुद्दाम मीठ जास्त घालायची. अण्णा तेही ताट चाटूनपुसून संपवायचे. तेवढ्यात विजू हात पुसत आत यायची आणि अण्णा लगेच विषय बदलायचे, "काय गो, एवढा वेळ? विहीर आटवतेस का?" ती हसायची. तिचे दात पांढरे शुभ्र होते आणि हाताला रॉकेलचा वास, आणि मला दोन्हींचा राग यायचा. मत्सर हा शब्द पुस्तकात फार सभ्य वाटतो. प्रत्यक्षात तो मिरचीच्या खाटासारखा असतो, नाकाडोळ्यांतून पाणी काढतो आणि खोकल्यावाचून दुसरं काही बोलू देत नाही.

माझी पाळी आली ती अगदी शेवटी. गाडीला केळफुलाचा रंग मारून झाला होता, बाहेरच्या सालीचा, जांभळट तांबडा. आत मात्र नुसते पत्रे आणि स्प्रिंगा. मी तेव्हा शिवणक्लासला जायची. एक दिवस अण्णा ओसरीवर येऊन माझ्या यंत्राजवळ उभे राहिले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "सीट शिवायची हाय. बाहेर दिली तर लोक वाट लावतील." एवढंच. मी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. सायीच्या रंगाचं जाड कापड घेतलं, आत काथ्या भरला, त्याला उभ्या घड्या घातल्या आणि कडेला त्याच केळफुली रंगाची गोट लावली. यंत्राची सुई त्या जाडीतून जाईना, तेव्हा कित्येक टाके दाभणानं हातानं घातले. अंगठ्याला घट्टा पडला. दोनच सीट होत्या, एक चालवणाऱ्याची आणि एक शेजारची. शेजारची शिवताना माझ्या मनात एकच होतं, इथं मी बसणार. मासिकातल्या चित्रातही शेजारी एक बाई बसली होती, केस वाऱ्यावर. शिवून झाल्यावर सीट शेडच्या बाहेर उजेडात आणून ठेवल्या. अण्णांनी घडीवरून बोट फिरवलं, वाकून गोट पाहिली आणि म्हणाले, "दोरा उरला असेल तर गुंडाळून ठेव, वाया जातो." मी घरात जाऊन रडले.

मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा आणि त्यात हौशी लोकांनी रूप पालटलेल्या गाड्यांसाठी वेगळं बक्षीस असायचं. पास्कोलनं अण्णांचं नाव दिलं. आता प्रश्न उरला शेजारच्या जागेचा. खरं तर अण्णांच्या दृष्टीनं प्रश्न नव्हताच. इंजिन वाटेत रुसलं तर समजूत घालायला विजूच हवी, तेव्हा विजू गाडीत, आणि मी नि आई पास्कोलच्या टेम्पोत, झेंडू-मोगऱ्याच्या पाट्यांबरोबर. आदल्या संध्याकाळी हे जेवताना ठरलं, म्हणजे अण्णांनी सांगितलं आणि ठरलं. आई म्हणाली, "मी काय येत नाय, सुकेळी भिजली तर?" म्हणजे टेम्पोत मी एकटीच. मी ताट तसंच सोडून उठले. आईनं विचारलं, "पोट दुखतंय का?" मी म्हटलं, "हो." ते अगदीच खोटं नव्हतं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी वाडीतून केळीची दोन कोवळी रोपं कापून आणली होती. शुभकार्याला दारात केळीचे खांब उभे केल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही, आणि गाडी निघणं म्हणजे अण्णांच्या लेखी लेकीची पाठवणी. त्यांनी दोन्ही दारांना एकेक रोप बांधलं, नारळ ठेवला, उदबत्ती लावली. मग मागं सरून बघितलं, पुन्हा पुढं गेले, आत डोकावले, शेजारच्या सीटवर हाताचा पंजा जोरात दाबला, स्प्रिंग कशी उसळते ते पाहिलं आणि दार लावून जेवायला आले. हे सगळं मी ओसरीवरून पाहिलं होतं. पाहिलं, पण मनात आलं नाही, आणि त्यांच्याही आलं नाही. केळीचा चीक आमच्या अंगवळणी पडलेला. तो हाताला लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतसुद्धा नाही, आणि वाळला की तपकिरी काळा होतो आणि माणूस मरेपर्यंत जात नाही. आमच्या घरात त्याच्या डागाशिवाय एक वस्त्र नव्हतं. अण्णांचे सदरे, आईची लुगडी, माझी परकर-पोलकी, अंथरुणं, अभ्रे, सगळ्यांवर चिकाचे डाग. जन्मभर जे दिसतं ते दिसेनासं होतं. बाहेरच्या माणसानं शंभरदा हात धुतले असते. वाडीतल्या माणसानं धोतराला पुसले आणि पुढच्या कामाला लागला.

सकाळी उजाडताच मी शेडमध्ये गेले. नाकाला पदर लावून. निघायच्या आधी निदान एकदा त्या सीटवर बसून घ्यावं, एवढाच हेतू. दार उघडलं आणि पाहते तर सायीच्या रंगावर मधोमध एक तपकिरी पंजा. पाचही बोटं. मी किंचाळले असणार, कारण विजू दात घासता घासता तशीच धावत आली. मी सीटकडे बोट दाखवलं आणि तिच्या हातांकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण ते बघणं काय होतं ते तिला कळलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "माझे हात ऑइलचे असतात, काळे. हा तपकिरी आहे. आणि तुझ्या सीटला हात लावायची माझी हिंमत नाही. मामा मला बोट लावू देतो का? 'लांब हो, सुमननं शिवलीय.' 'सुमनचा टाका बघ, एक वाकडा दाखव.' नट जरा तिरका बसला की, 'सुमन असं काम करत नाय.' दुपारी डबा उघडला की, 'सुमनच्या हाताला काय चव आहे.' सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुमन, सुमन, सुमन! कान किटले माझे."

मी म्हटलं, "खोटं."

"खोटं?" तिच्या तोंडात अजून मशेरी होती, ती बाजूला थुंकली. "तुला काय गो, तुझा बाप आहे तो. तू काही नाही केलंस तरी तुझाच. मी हात काळे केले म्हणून मला मामा मिळाला, तर तो पण तुझंच गाणं गातो."

घरातली पद्धत मला चांगली ठाऊक होती. तोंडावर बोलायचं नाही. पण याचा अर्थ पाठीमागं बोलायचं असा होतो, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. शेडमध्ये विजू असायची, तर तिथं गाणं माझं. जेवताना मी असायची, तर तिथं विजूचं. सव्वादोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींचं कौतुक ऐकून एकमेकींवर जळत होतो, आणि बोलणारा माणूस खुशाल बिरडं ओरपत होता. कुणाला वाटेल, हे कळताच माझा राग मावळला असेल. नाही मावळला. उलट नवीनच ठिणगी पडली. माझी एवढी स्तुती झाली, दिवसेंदिवस झाली, आणि ती सगळी हिनं ऐकली! माझा ऐवज हिच्या पेटीत!

एवढ्यात अण्णा आले. त्यांनी डाग पाहिला, आपला उजवा हात पाहिला आणि पंजा त्या पंजावर हलकेच धरला. बरोबर बसला. मग ते गाडीच्या पायरीवर मटकन बसले आणि कितीतरी वेळ "च्, च्, च्" एवढंच करत राहिले. धुवायचा कुणी विचारही काढला नाही. चीक धुऊन जात नाही हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. शेवटी पास्कोल टेम्पो घेऊन आला. त्यानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "अरे, त्याच्यावर कोण तरी बसवा नि उठू देऊ नका. पंच काय बसलेल्या माणसाला उचलून बघणार हाय?" विजूला बसवून चालणार नव्हतं, कारण पंच आले की तिला उतरून इंजिन दाखवायचं होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमन, तू बस. साडी नीट पसरून बस." अशा रीतीनं मला ती जागा मिळाली. डागावर झाकण म्हणून. विजू पान्यांची पेटी घेऊन पास्कोलच्या शेजारी टेम्पोत चढली. तिनं दार इतक्या जोरात आपटलं की मागच्या पाट्यांतला मोगरा सांडला.

आईनं माझ्या हातात लिंबू दिलं. मी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, आणि गाडी निघाली. तो आवाज! पंप नाही, टेम्पो नाही, पोटातून येणारी घरघर. निर्मळच्या रस्त्यावर सायकली थांबल्या, स्कूटर थांबल्या, देवळाच्या पायऱ्यांवरच्या फुलवाल्या उभ्या राहिल्या. मी डोळे उघडले आणि सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. एवढा सुखाचा क्षण माझ्या आयुष्यात थोड्याच वेळा आला असेल, माझं लग्न धरूनसुद्धा. हायवेला लागल्यावर अण्णा बोलायला लागले. गाडी चालवताना त्यांचा एक हात सारखा चाकावरून उठायचा आणि बोलण्याबरोबर हवेत फिरायचा. मी कान टवकारले. "ऐकतेस हा आवाज?" ते म्हणाले. "ही करामत विजूची. त्या पोरीला वडील नाय, पण मी तिला सांगितलंय, तू माझा उजवा हात." खाडीचा पूल आला तरी विजू. दहिसर आलं तरी विजू. ती कशी पहिल्यांदा घाबरली, तिनं कार्ब्युरेटर कसा डोळे झाकून उघडला, तिच्या आईनं कशी काळजी करू नये. शेवटी माझ्यानं राहवेना. लिंबू नाकावरून काढलं आणि सरळ विचारलं, "आणि माझं काय, अण्णा?"

ते गोंधळले. हात हवेतच राहिला. मग तो खाली चाकावर ठेवून म्हणाले, "तुझं काय सांगू गो? तू तर इथंच बसलीयस."

मैदानावर पंच आले. तिघे होते, त्यांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई. विजूनं बॉनेट उघडून इंजिन दाखवलं, एक घर्र करून दाखवलं, आणि त्यांनी माना डोलावल्या. "हे काम कुणाचं?" बाईंनी विचारलं. विजू समोरच उभी. अण्णा म्हणाले, "घरातलीच पोरगी हाय. जमलंय बरंवाईट." मी विजूकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला, आणि मला अगदी आतून बरं वाटलं. मग बाई माझ्या दाराशी आल्या. गोटेवरून हात फिरवत म्हणाल्या, "वा! आणि ही शिवण?" अण्णा म्हणाले, "तीही घरातलीच. चालायचं." आता माझा चेहरा पडला, आणि विजू बॉनेटवर कोपर टेकून मजेत बघत होती. बाई म्हणाल्या, "जरा उतरता का? सीट पूर्ण बघू." मी म्हटलं, "पाय मुरगळलाय." बाईंनी आधाराला हात पुढं केला. मी म्हटलं, "दोन्ही." पास्कोल मागं वळून खोकत सुटला. बाई हसल्या आणि पुढं गेल्या. त्यांना संशय आला की नाही देव जाणे, पण दुपारी बक्षीस जाहीर झालं ते आमच्या केळफुली गाडीला. अण्णा चषक घेऊन आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडातून शब्द फुटला तो असा, "टोपणं घट्ट लावा गो, ऑइल सांडेल."

परत निघताना मी उतरले, दार धरून उभी राहिले आणि विजूला म्हटलं, "जाताना तू बस." पास्कोलनं क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "मोठं मन हाय पोरीचं." पुढं ही गोष्ट आमच्या आळीत माझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून कितीतरी वर्षं सांगितली गेली. आज खरं लिहायला हरकत नाही. मन वगैरे काही नव्हतं. मला एवढंच उमगलं होतं, की त्या जागेवर जी बसते तिला दुसरीचं ऐकायला मिळतं. जी बसत नाही, तिच्याबद्दल बोललं जातं. आणि मला अण्णांकडून स्वतःबद्दल बोलवून घ्यायचं होतं.

मी टेम्पोत बसले, रिकाम्या पाट्यांच्या उग्र वासात, आणि पास्कोलला बजावलं, गाडीच्या मागंच ठेव. सबंध वाटेनं त्या देवळीएवढ्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती. दहिसरच्या आधीच अण्णांचा हात चाकावरून उठला. पुलावर तो उंच गेला. नंतर दोनदा बोट नाचलं, एकदा मूठ वळली, एकदा त्यांनी हात छातीवर ठेवला. छातीवर! विजूचं डोकं ताठ होतं, एकदाही हललं नाही. निर्मळला पोचताच मी उडी मारून तिच्याकडे धावले आणि कानात विचारलं, "काय म्हणाले गो?"

विजू उतरली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "मला झोप लागली होती."

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी माझ्या पुतण्याकडे आहे. त्यानं ती नव्यानं रंगवली, पण सीटचं कापड बदलू दिलं नाही मी. विजू फुलपाड्याला लेकाकडे असते, सातव्या मजल्यावर. गुडघे गेलेत, कान मात्र तसाच आहे, लिफ्टच्या आवाजावरून सांगते की बिघडणार म्हणून. मी सुकेळी घेऊन जाते, चहा होतो, मग मी विचारतेच. "आता तरी सांग गो. हात छातीवर ठेवला तेव्हा काय म्हणाले?" ती सुकेळं चघळत माझ्याकडे बघते आणि म्हणते, "आधी तू सांग. जाताना माझ्याबद्दल काय काय म्हणाले?" मग आम्ही दोघी म्हाताऱ्या आणखी एकेक सुकेळं उचलतो. हे छापून आलं तर तिची सून तिला वाचून दाखवील, हे मला माहीत आहे. म्हणून अण्णा वाटेत विजूबद्दल जे बोलले ते मी वर सगळं लिहिलेलं नाही. त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य मी ठेवून घेतलं आहे. तिनं आधी सांगावं, मग बघू.